बॉडी ग्रूमर: कापतो झकास, पण आधी चालू तर व्हायला हवा ना!

पाचपैकी साडेतीन तारे. केस कापण्याबद्दल माझी तक्रार शून्य, तारे कापलेत ते एवढ्यासाठी की हे मशीन "मेलो मेलो" असं नाटक करण्यात पटाईत आहे आणि कंपनीला त्याचं काही सोयरसुतक नाही. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाहीये, कारण खाली जे लिहितोय ते या किमतीतल्या, म्हणजे दोन हजाराच्या आगेमागे मिळणाऱ्या बऱ्याच बॉडी ग्रूमरना लागू पडेल, बाहेरचं प्लास्टिक आणि खोक्यावरचा मॉडेल बदलतो पण आत एक सेल, एक छोटी मोटर आणि एक बोटभर सर्किट एवढंच असतं.

आधी चांगलं सांगतो, नाहीतर म्हणाल नुसतं रडगाणं लावलंय. छाती, पोट, काख आणि आता स्पष्टच बोलायचं तर खालची बाजू, या सगळ्याला दाढीचाच ट्रिमर फिरवणाऱ्यांनी एकदा खरा बॉडी ग्रूमर वापरून बघाच. इथे दातांची टोकं गोल केलेली असतात आणि वरचं हलणारं ब्लेड खालच्या स्थिर ब्लेडच्या किंचित मागे बसवलेलं असतं, त्यामुळे सैल कातडी दातात सापडत नाही. आणि कुठली कातडी सैल असते हे पुरुष मंडळींना सांगायला नको. माझ्या साडूचं हर्नियाचं ऑपरेशन होतं तेव्हा हॉस्पिटलने आधीच बजावलं होतं की घरी रेझर मारून येऊ नका, रेझरने बारीक बारीक कापलं जातं आणि तिथून जंतू शिरतात, डब्ल्यूएचओच्या २०१६ च्या सूचनांमध्येही हेच आहे की ऑपरेशनआधी केस काढायचेच असतील तर क्लिपरने काढा, रेझर नको. तेव्हा त्यालाही हेच मशीन सुचवलं, अर्थात माझं दिलं नाही, ही वस्तू उसनी द्यायची नसते.

मोटरचा जोर चांगला आहे, तीन कंगवे येतात, ३ मिलिमीटरचा सगळ्यात जास्त कामाचा. आवाज जरा मोठा आहे, बाथरूमचं दार लावूनही हॉलमध्ये कळतं आत काय चाललंय ते. ते असो.

आता मुद्द्याचं. नवीन मशीन, खोकं उघडलं, बटण दाबलं, काही नाही. नव्या मशीनमध्ये चार्ज कमी असतो हे समजू शकतो म्हणून चार्जिंगला लावलं. खोक्यात ॲडॅप्टर नाही, हल्ली कुणीच देत नाही, नुसती एक वीतभर केबल. ती एवढी आखूड की प्लगपासून मशीन अधांतरी लोंबकळत राहतं, म्हणून ती ठेवली बाजूला आणि मोबाइलचा चार्जर लावला, दोन्ही टोकांना टाइप सी असलेली केबल. लाइट नाही. रात्रभर ठेवलं. सकाळी बटण दाबलं, ढिम्म. कस्टमर केअरला फोन केला तर पलीकडून तेच पाठ केलेलं, "सर, आपण डिव्हाइस आठ तास चार्ज केलंत का? सर, बटण नीट दाबलंत का?" आणि शेवटी "सर, युनिट डिफेक्टिव्ह दिसतंय, रिप्लेसमेंटची रिक्वेस्ट टाका."

युनिट डिफेक्टिव्ह वगैरे काही नव्हतं. तीच खोक्यातली आखूड केबल, जिचं एक टोक जुन्या चौकोनी यूएसबीचं आहे, ती जुन्या मोबाइलच्या चार्जरला लावल्याबरोबर लाल लाइट लागला आणि तासाभरात मशीन घुर्र करून चालू. कारण समजून घ्या, हे एकदा कळलं की घरातल्या आणखी चार वस्तूंचा उलगडा होईल. जुन्या चौकोनी यूएसबीत ५ व्होल्ट कायम हजर असतात, काहीही खुपसा, वीज मिळणार. टाइप सीचा चार्जर तसा नाही, तो आधी समोरच्या वस्तूला विचारतो की बाई तू खरंच वीज घेणारी आहेस ना, आणि हे विचारण्यासाठी पोर्टमध्ये सीसी नावाच्या दोन पिना असतात. वस्तूच्या बाजूने त्या दोन्ही पिनांवर ५.१ किलोओहमचा एकेक रेझिस्टर, म्हणजे वीज ठरावीक प्रमाणात अडवणारा इवलासा भाग, लावायचा, तो दिसला की चार्जर ५ व्होल्ट सोडतो, नाही दिसला तर काहीच सोडत नाही. आता हे रेझिस्टर काही पैशांना मिळतात हो, पैसे म्हणजे रुपयाचे शंभर होतात ते पैसे, आणि तेवढे वाचवण्यासाठी कंपन्या ते लावतच नाहीत. भोक टाइप सीचं दिलं की खोक्यावर मोठ्ठं "टाइप सी चार्जिंग" छापायला मोकळे. काही महाभाग तर दोनपैकी एकच रेझिस्टर लावतात, मग केबल एका बाजूने घातली तर चार्ज होतं आणि उलटी घातली तर होत नाही, आणि माणूस म्हणतो केबल लूज आहे. तेव्हा नवीन मशीन चार्जच होत नसेल तर पहिलं काम, केबल उलटी घालून बघा, तरी नाही तर चौकोनी यूएसबीवाली केबल आणि साधा ५ व्होल्टचा ॲडॅप्टर शोधा. जुन्या फोनचा असतोच ड्रॉवरमध्ये.

माहितीपत्रकात यावर काय लिहिलंय? "दिलेली केबलच वापरावी." एवढंच. का, ते नाही. आणि हे एका ओळीत लिहिता आलं असतं की सी टू सी केबल चालणार नाही. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाइल, टॅब, कॅमेरा, हेडफोन अशा वस्तूंना टाइप सी सक्तीचं झालं, पण त्या यादीत ट्रिमर-शेव्हर नाहीतच, आणि आपल्याकडे बीआयएसने, म्हणजे मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, टाइप सीचं स्टँडर्ड काढलंय पण ट्रिमरवाल्याचं पोर्ट कोण तपासतंय. अर्धा तारा इथे गेला.

एक राहिलंच, पॉवर बँकवर पण हे धड चार्ज होत नाही. मशीन इतका कमी करंट ओढतं की पॉवर बँकेला वाटतं काही लावलेलंच नाही आणि ती थोड्या वेळाने झोपी जाते. आपण समजतो रात्रभर चार्जिंग झालं. प्रवासात हे हमखास होतं.

प्रवासावरून आठवलं, ट्रॅव्हल लॉक. ही सोय चांगली आहे, बॅगेत बटण दाबलं जाऊन मशीन सुरू राहू नये म्हणून असते, विमानात आणि एसटीच्या टपाजवळच्या रॅकमध्ये बॅग गुणगुणायला लागली तर काय होईल याची कल्पना करा. बटण तीन सेकंद दाबून धरलं की लॉक, परत तीन सेकंद दाबून धरलं की लॉक निघतं, बऱ्याच मशीनमध्ये असंच असतं आणि काहींमध्ये चार्जरला लावलं की आपोआप निघतं. प्रॉब्लेम असा की कोंबलेल्या बॅगेत ते बटण दाबलं जाऊन लॉक आपलं आपणच लागतं आणि आमच्या या मशीनवर लॉक लागलंय हे दाखवणारं काहीच नाही. कुलपाचं चित्र नाही, लाइटची उघडझाप नाही. कोल्हापूरला लग्नाला गेलो होतो, हळदीच्या सकाळी मशीन बंद, चार्ज तर फुल करून नेलेलं. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, सर्व्हिसला टाक ते आणि न्हाव्याकडे चल." न्हाव्याकडे जाऊन काय सांगू, काख करून दे? तीन सेकंद बटण दाबून धरल्यावर सुरू झालं, पण हे तीन सेकंदांचं माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर मुंगीच्या अक्षरात आहे, तेही फक्त चित्रात. दुसरा अर्धा तारा.

आणि हो, काही ग्रूमर चार्जिंगला लावलेले असताना मुद्दाम चालतच नाहीत. हा बिघाड नाही. धुता येणारं, शॉवरखाली वापरता येणारं मशीन असेल तर ओल्या अंगाने माणूस वायर लावून वापरत बसू नये म्हणून सर्किटच तसं केलेलं असतं. तेव्हा वायर लावून बटण दाबलं आणि चाललं नाही म्हणून घाबरू नका, वायर काढा आणि मग दाबा. माझं असंच आहे आणि मला ते आवडलं, यासाठी तारा कापणार नाही.

आता तिसरी गंमत. काही महिने मस्त चाललं आणि मग एक दिवस बटण दाबल्यावर बारीकसा "टुक" असा आवाज आला आणि बंद. लाइट क्षणभर लागून गेला. इथे लोक बॅटरी गेली म्हणून मोकळे होतात, पण टुक आवाज येणं ही चांगली खूण आहे, म्हणजे वीज मोटरपर्यंत पोहोचतेय, मोटर फिरायचा प्रयत्न करतेय आणि पुढे काहीतरी अडलंय. वरचं ब्लेडचं डोकं काढून टाकायचं आणि नुसती बॉडी चालू करायची. माझी सुरू झाली, एकदम मोकळा आवाज. म्हणजे मोटर ठीक, सेल ठीक, ब्लेड जाम.

डोकं उलटं करून बघितलं तर आत काय होतं ते जेवताना वाचू नका. केस, त्यावर पावडर, त्यावर साबण आणि त्या सगळ्यावर क्षाराचा पांढरा थर. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं, मूळचं बोअरवेलचं, नळाच्या जाळीवर पण तसाच थर चढतो. मशीन धुता येतं म्हणून रोज नळाखाली धरायचं आणि तसंच ओलं ठेवून द्यायचं, म्हणजे हा थर चढणारच. मोटरच्या टोकाला एक पिन असते, ती बरोबर मध्यात नसून जरा कडेला असते, म्हणजे मोटर गोल फिरली की ती पिन डाव्या-उजव्या हेलकाव्याने एका पांढऱ्या प्लास्टिकच्या तुकड्याला हलवते आणि तो तुकडा ब्लेडला. त्या तुकड्याच्या खाचेतच सगळा चिखल वाळून बसला होता. कोमट पाणी, जुना टूथब्रश आणि टाचणी, एवढ्यात निघालं. मग पूर्ण वाळू दिलं, ब्लेड हाताने डावीकडे-उजवीकडे सरकवून मोकळं केलं आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दोन ब्लेडच्या मध्ये. एकच थेंब, न्हाऊ घालायचं नाहीये.

तेलावरून एक सांगतो, खोबरेल घालू नका. आपल्याकडे कुठल्याही गोष्टीला खोबरेल हा पहिला उपाय असतो, पण ते २४-२५ डिग्रीच्या खाली थिजतं, म्हणजे पुण्या-नाशिकच्या थंडीत ब्लेडमध्ये त्याचं मेण होणार, आणि केसांचा भुगा त्याला चिकटून आधीपेक्षा घट्ट लगदा बसतो. शिलाई मशीनचं तेल पातळ असतं, ते राहतं पातळ.

मशीन चालू झालं पण आता केस जरा ओढतंय, कारण स्थिर ब्लेड स्टीलचं आहे आणि त्याच्या दोन दातांच्या बुडाशी गंज आलाय. वरचं हलणारं ब्लेड सिरॅमिकचं, त्याला काही झालं नाही. मग म्हटलं वॉरंटी आहे, ब्लेड मागू. इथून पुढे सर्व्हिस सेंटरचा रिव्ह्यू समजा.

सर्व्हिस सेंटर एका कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावर, बाहेर चपला काढायच्या, का कुणास ठाऊक. काउंटरवरच्या मुलाने मशीन हातातसुद्धा घेतलं नाही, लांबूनच, "सर, हा हायजिन आयटम आहे, आम्ही ओपन करत नाही." बरं, न उघडता ब्लेडचं डोकं द्या. "ब्लेड कन्झ्युमेबलमध्ये येतं, वॉरंटीत नाही." बरं, विकत द्या. "सुटं येत नाही सर." म्हणजे जी वस्तू झिजणार म्हणून वॉरंटीत नाही म्हणता ती झिजल्यावर विकत पण मिळत नाही! वॉरंटी कार्ड तिथेच काढून दाखवलं, त्यात ब्लेड वगळल्याचा एक शब्द नाही. त्यावर तो म्हणाला मेल करा. मेल केला, चार दिवसांनी मेसेज, "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे." कोणी सोडवली, कुठे सोडवली, देव जाणे.

मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, १९१५ नंबर आहे, मराठीत बोलता येतं. बिल, वॉरंटी कार्डचा फोटो आणि त्या "सोडवण्यात आली" मेसेजचा स्क्रीनशॉट असं सगळं टाकलं. त्यांच्याकडून तक्रार कंपनीकडे गेल्यावर मात्र कंपनीचा स्वतःहून फोन आला आणि भाषा एकदम लोण्यासारखी. ही हेल्पलाइन कोर्ट नाही हे लक्षात ठेवा, ती फक्त मध्ये पडते, त्यानेही नाही झालं तर पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे आणि २०१९ च्या ग्राहक कायद्याखाली ५ लाखांपर्यंतच्या मालाला तिथे फी लागत नाही. दोन हजाराच्या ग्रूमरसाठी आयोगात कोण जातंय म्हणा, पण कंपनीलाही ते माहीत असतं म्हणून तर मेसेज पाठवून मोकळे होतात. तिसरा अर्धा तारा या लोकांना.

आता बॅटरी. माझी शाबूत आहे, पण धाकट्या भावाचा ग्रूमर, दुसऱ्याच ब्रँडचा, वॉरंटी केव्हाच संपलेली, तो खरोखर मेला होता आणि त्यात जास्त शिकायला मिळालं. भाऊ दुबईला कामाला गेला आणि ग्रूमर इथे कपाटात पडून राहिला, शेवटचा वापरून पार रिकामा करून ठेवलेला. परत आल्यावर चार्जिंगला लावला, लाइट नाही. आधी चार्जिंगची पिन बघितली, मधल्या पत्र्यावर हिरवट बुरशीसारखं आलं होतं, बाथरूमच्या कपाटात पावसाळा काढलेला, तांब्याला हे होणारच. मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल काडीला कापूस गुंडाळून लावलं, निघालं. पण लाइट नाहीच.

लिथियम सेलचं असं असतं की भरलेला असताना ४.२ व्होल्ट, नेहमीचा ३.७ धरतात, आणि अडीच-तीनच्या आसपास आला की संरक्षण सर्किट मोटरचा पुरवठा तोडतं. तोडलं तरी सेल थोडा थोडा आपोआप उतरतोच, शिवाय सर्किट स्वतः चिमूटभर वीज खात असतं. रिकामा करून महिनोनमहिने ठेवला की तो त्या रेषेच्याही खूप खाली जातो. चार्जिंगची चिप शहाणी असेल तर अशा सेलला एकदम पूर्ण करंट देत नाही, आजारातून उठलेल्याला आधी पेज पाजतात तसा दहावा हिस्सा करंट देत राहते आणि साधारण २.९ व्होल्टच्या वर आला की मग पूर्ण जेवण. म्हणून पडून राहिलेलं मशीन चार्जिंगला लावल्यावर लगेच काही दिसलं नाही तरी दोन-तीन तास लावून ठेवा, घरात माणूस जागा असताना, मशीन गरम होत नाही ना ते हात लावून बघत. बरीच मशीनं एवढ्यानेच उठतात. भावाचं नाही उठलं.

मग गेलो तपकीर गल्लीत. पुण्याबाहेरच्यांसाठी, बुधवार पेठेत आहे, इलेक्ट्रिकचं आणि इलेक्ट्रॉनिक्सचं जे काही लागतं ते तिथे मिळतं, मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोड समजावं. पार्किंगचं विचारू नका, पीएमपीने, म्हणजे सिटी बसने, जा. एक दुकान आहे जिन्याखाली, दुकान म्हणजे टेबल आणि एक माणूस, पन्नाशीचे काका, डोळ्याला भिंग लावून बसलेले. ग्रूमर त्यांच्यापुढे ठेवला (धुऊन, डेटॉल लावून नेला होता, थोडी तरी लाज असते), त्यांनी हलवून कानाशी धरला, म्हणाले पाणी नाही गेलेलं. मागचं रबर काढलं, त्याखाली स्क्रू, मग पातळ पत्र्याची पट्टी सांध्यात घालून सरकवत सरकवत खोळ वेगळी केली, एक खिट्टी तुटली नाही. मीटर लावला. ०.८ व्होल्ट.

मी विचारलं, "काका, यूट्यूबवर दाखवतात की दुसऱ्या सेलने जोर देऊन उठवता येतो, तसं?"

"उठवता येतो की. पण मेलेला लिथियम उठवला ना साहेब, तर कधीतरी तो तुमच्यावरच उठतो."

बरोबरच आहे त्यांचं. एवढ्या खाली बरेच दिवस राहिलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळायला लागतं आणि पुन्हा चार्ज करताना ते नको तिथे जाऊन बसतं, आतल्या आत शॉर्ट. मोबाइल खिशात पेटल्याच्या बातम्या येतात, इथे तर वस्तू कुठे धरायची असते ते तुम्हाला माहीत आहे.

सेल होता १४५०० साइजचा, म्हणजे १४ मिलिमीटर जाड आणि ५० मिलिमीटर लांब, दिसायला थेट रिमोटमधल्या पेन्सिल सेलसारखा. आणि हीच मोठी भानगड आहे, लोक उघडून बघतात आणि म्हणतात अरे हा तर पेन्सिल सेल, दुकानातून आणून टाकू. पेन्सिल सेल दीड व्होल्टचा, हा ३.७ चा, आणि साधा पेन्सिल सेल चार्जिंगच्या सर्किटला जोडला तर गळेल नाहीतर फुटेल. काही जुन्या स्वस्त ग्रूमरमध्ये निकेल मेटल हायड्राइडचे १.२ व्होल्टचे सेल असतात, आठ तास चार्ज करा आणि पाऊण तास चालवा अशातले, त्यात लिथियम टाकणं तर त्याहून वाईट. जे निघालं तेच आत गेलं पाहिजे. काकांनी पट्ट्या आधीच वेल्ड केलेला सेल काढला, वर बीआयएसचा शिक्का आणि आयएस १६०४६ हा स्टँडर्डचा नंबर लिहिलेला दाखवला, लिथियम सेलला तो लागतोच. पट्ट्या का, तर सेलच्या तोंडावर थेट सोल्डरिंग केलं की उष्णता आत जाते आणि नवा सेल बसवतानाच अर्धा मरतो. पट्टीवर केलं की त्याला काही होत नाही. प्लस-मायनस दोनदा बघून घेतलं, बटण दाबलं, चालू.

सेल आणि मजुरी मिळून चारशे रुपये. नवीन घ्यायला दीड-दोन हजार. जुना सेल त्यांनी टोकांना चिकटपट्टी लावून वेगळ्या डब्यात टाकला, भंगारवाल्याकडे जाणाऱ्या डब्यात नाही, हे मला फार आवडलं. कचऱ्याच्या गाडीत असले सेल टाकू नका, दाबले गेले की पेटतात. जाताना म्हणाले, "आता नळाखाली धरू नका, सांधा उघडलाय." हे महत्त्वाचं. एकदा खोळ उघडली की पाणी अडवणाऱ्या रबराचा भरवसा संपला, खोक्यावर आयपीएक्स ७ लिहिलेलं असलं, म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, तरी ते आता विसरायचं. डोकं काढून तेवढंच धुवायचं. आणि वॉरंटीत असलेलं मशीन तर उघडूच नका, मग कंपनीला आयतंच कारण मिळतं.

काकांना पाच तारे, पण पत्ता टाकत नाही, त्यांनीच सांगितलं की ट्रिमरवाल्यांची गर्दी नको, माझं मुख्य काम वेगळं आहे.

भावाच्या ग्रूमरच्या निमित्ताने आईने जुन्या चार्जरचा डबा पण काढला, प्रत्येक घरात असतो तो. त्यातली एक पिन ग्रूमरला बरोब्बर बसत होती आणि आई म्हणाली, बसतंय की, लाव. पिन बसते म्हणून लावायचं नसतं. शेव्हर-ट्रिमरच्या चार्जरमध्ये एक ४.३ व्होल्टचा असतो आणि शेजारचा १५ व्होल्टचा, पिन मात्र सारख्या दिसतात. १५ वाला ४.३ वाल्याला लावला तर पुढे ट्रबलशूटिंगची गरजच उरत नाही. चार्जरच्या पोटावर आउटपुट लिहिलेलं असतं आणि ग्रूमरच्या पाठीवर किंवा पिनच्या शेजारी इनपुट, दोन्ही आकडे जुळले तरच.

घ्यावा का, असं विचाराल तर हो घ्या, फक्त दुकानात घ्या आणि तिथेच चालू करून बघा. ऑनलाइनला बऱ्याच ठिकाणी या वस्तूला रिटर्न नसतं, फक्त बदलून मिळतं आणि तेही थोड्या दिवसांत, हायजिनचं कारण देऊन. खोक्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापणं बंधनकारक आहे ते आधी बघा, डिस्काउंटमध्ये जे फार स्वस्त असतात ते पुष्कळदा गोडाऊनमध्ये पडून राहिलेले असतात आणि सेल तिथेच उतरत बसलेला असतो, वरून कोरं करकरीत, आतून अर्धमेलं. दुकानदाराकडची सी टू सी केबल लावून लाइट लागतो का ते बघा, लागला तर कंपनीने निदान रेझिस्टर तरी लावलेत. लॉकचं चित्र किंवा लाइट आहे का बघा. आणि ब्लेडचं डोकं सुटं मिळतं का ते विचारा, नुसतं "मिळेल" म्हणाला तर किंमत विचारा, किंमत सांगता आली तर मिळतं.

घरी आणल्यावर वापरणार नसाल तर निम्मा चार्ज ठेवून कपाटात ठेवा, बाथरूमच्या कपाटात नाही, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्जिंगला लावा. बायको म्हणते तुझं ग्रूमरचं वेळापत्रक आपल्या गाडीच्या सर्व्हिसिंगपेक्षा जास्त काटेकोर आहे. असेल.

माझ्या तक्रारीचं सध्या असं चाललंय की कंपनी म्हणतेय अख्खं मशीन बदलून देतो पण ब्लेड सुटं देऊ शकत नाही. मला मशीन नकोय हो, मशीन ठणठणीत आहे, दोन दात गंजलेत फक्त. अख्खं चालतं मशीन ई-कचऱ्यात टाकायचं दोन दातांसाठी? मी परत लिहिलंय त्यांना की डोकंच पाठवा, मी बसवतो. आलं तर इथेच अपडेट टाकीन आणि अर्धा तारा परत देईन.